प्लेझंट खोली भाड्याने देणे आहे

मुलगा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेला आणि आमच्या घरातली एक खोली रिकामी झाली. रिकामी म्हणजे तिच्यातून फक्त मुलगा गेला. पलंग, टेबल, भिंतीवरचं फाटकं वेळापत्रक आणि कपाटामागे पडलेले, जोडीदार हरवलेले मोजे, सगळं जागच्या जागी होतं. आमची ही रोज सकाळी त्या खोलीत झाडू मारायला जायची आणि झाडायला लागतो त्यापेक्षा बराच जास्त वेळ आत काढायची. एके दिवशी बाहेर येऊन म्हणाली,

"अहो, कुणाला तरी ठेवू या का तिथे? नोकरीधंद्याचं एखादं बरं माणूस. जेवणाचं मी बघेन. नाहीतरी तिघांचं करायची हाताला सवय लागलीय."

गोष्ट इथेच संपायला हवी होती. हिने कोपऱ्यावरच्या वाण्याच्या कानावर घातलं असतं, वाण्याने आणखी कुणाच्या, आणि चार दिवसांत एखादा सरळमार्गी माणूस वळकटी घेऊन दारात उभा राहिला असता. पण मला दुर्बुद्धी सुचली. मी म्हणालो, "असं तोंडातोंडी नको. रीतसर जाहिरात करू. इंग्रजीतून."

"इंग्रजीतून कशाला?"

"इंग्रजी जाहिरात वाचून येणारं माणूस चांगलं असतं."

हे वाक्य पुढे हिने पोलिसांपुढे आणि पोटच्या पोरापुढे मला जसंच्या तसं परत केलं. तिची स्मरणशक्ती माझ्या चुकांच्या बाबतीत फार तल्लख आहे.

आता माझ्या इंग्रजीविषयी. मी पाणीपुरवठा खात्यात हेडक्लार्क आहे. नळाला पाणी येत नाही म्हणून लोक पत्रं लिहितात आणि पाणी का येत नाही व येणारही नाही हे मी त्यांना इंग्रजीतून कळवतो. या कामात 'रिग्रेट' हा शब्द मी इतक्या वेळा वापरलाय की तो माझ्या पेनातून आपोआप गळतो. फार गुणी शब्द. नाम म्हणून वापरा, क्रियापद म्हणून वापरा, तो सरकारी नोकरासारखा जागचा हलत नाही. दुःखाचं इंग्रजी मला कधी जड गेलं नाही. आनंदाचं मात्र लिहायची वेळच आली नव्हती. आमच्या खात्यातून आजवर कुणाला आनंदाची बातमी गेल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

तर रविवारी सकाळी कोरा कागद घेऊन बसलो आणि पहिलं वाक्य लिहिलं : 'वी आर प्लेझंट टू गिव्ह यू अ रूम.' खोली देताना आम्हाला आनंद होत आहे. वाक्य मला आवडलं. तरी छापण्याआधी एकदा जाणकाराला दाखवावं म्हणून तळमजल्यावरच्या मास्तरांकडे गेलो. मास्तरांनी हयातभर शाळेत इंग्रजी शिकवलं. आता निवृत्त आहेत, पण दारात आलेल्या माणसाकडे अजून ते उत्तरपत्रिकेकडे बघावं तसं बघतात.

"प्लेझंट कोण?" त्यांनी चष्म्यावरून विचारलं.

"आम्ही. म्हणजे मी आणि ही."

"ज्याला आनंद होतो तो प्लीज्ड. ज्याला पाहून दुसऱ्याला आनंद होतो तो प्लेझंट." मास्तरांनी मला टाळूपासून चपलांपर्यंत सावकाश न्याहाळलं. "तुम्ही प्लीज्डच लिहा."

मी वर आलो. हिने विचारलं, "काय म्हणाले?"

"म्हणाले, मला आनंद होऊ शकतो, पण माझ्यामुळे कुणाला होऊ शकत नाही."

"तुम्ही जाहिरातीचं विचारायला गेला होता ना?" ही म्हणाली. मग थोडा विचार करून म्हणाली, "पण माणूस हुशार आहे."

'प्लीज्ड' लिहून मी दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघालो, तर जिन्यात समोरच्या बिऱ्हाडातले विमा एजंट भेटले. यांना जिन्यात टाळणं आजवर कुणाला जमलेलं नाही. कागद त्यांनी माझ्या हातातून काढूनच घेतला.

"प्लीज्ड? अहो साहेब, तुम्हाला आनंद झाला तर गिऱ्हाइकाला त्याचं काय? गिऱ्हाइकाला काय मिळणार ते सांगा! आणि हे विशेषण कशाला? विशेषणावर कुणी विश्वास ठेवत नाही. नाम टाका, नाम. प्लेझर! नाम हातात धरता येतं."

मला ते पटलं. वाईट सल्ल्याचा एक गुण असतो, तो लगेच पटतो.

संध्याकाळी माझा मेहुणा आला. हा कंपनीच्या कामासाठी आठ महिने परदेशात राहून आला आणि तेव्हापासून आमच्या घरात वीज गेली तरी 'तिकडे असं नसतं' म्हणतो. कागद वाचून तो हसला.

"भाऊजी, एवढं कोरडं लिहून कोण येणार? तिकडे सगळे 'एन्जॉय' म्हणतात. पुढ्यात ताट ठेवलं की एन्जॉय, पावती हातात दिली की एन्जॉय."

"काय एन्जॉय?"

"काही नाही. नुसतं एन्जॉय."

मी 'कम अँड एन्जॉय' असं लिहून पुन्हा मास्तरांकडे गेलो. खरं तर जायला नको होतं, पण अपमान झालेल्या दारात माणूस परत परत जातो. मास्तरांनी कपाळावर हात मारला. "एन्जॉय हे सकर्मक आहे! त्याला कर्म पाहिजे. तुमचं कर्म कुठंय?"

कर्म कुठे आहे ते मला दोनच दिवसांत कळलं. त्या वेळी मात्र मी वैतागून म्हणालो, "मास्तर, कर्म वाचणारा स्वतः घेऊन येईल," आणि निघून आलो.

मेहुण्याने 'प्लेझरेबल' असा एक शब्द सुचवला. मला तो भरदार वाटला. आम्ही दोघं नवरा-बायको स्वभावाने गोड आहोत हे सांगायला 'प्लीझिंग कपल' घातलं. पाहुण्याची कुचंबणा होणार नाही म्हणून 'प्रायव्हेट' घातलं. आणि चोवीस तास पाणी आहे हे तर यायलाच हवं होतं. पाणीपुरवठ्यातल्या माणसाच्या घरी पाणी असतं, हा त्या नोकरीचा एकमेव फायदा. म्हणून शेवटी 'वॉटर ॲट ऑल अवर्स' लिहिलं. झेरॉक्सच्या दुकानातल्या बाईंनी ते टाइप केलं. टाइप करता करता त्या म्हणाल्या, "ओळ मावत नाहीये काका, एक शब्द काढते," आणि त्यांनी 'वॉटर' काढला. मी छापील कागद घाईत पाहिला. मोठ्या ठळक अक्षरात तो इतका भारदस्त दिसत होता की वाचावासाच वाटला नाही.

त्याच्या प्रती वाण्याच्या दुकानात, बसथांब्यावर, वाचनालयाच्या फळ्यावर आणि दवाखान्याच्या भिंतीवर लागल्या. मेहुण्याने तोच मजकूर माझ्या फोन नंबरसकट इंटरनेटवर टाकला आणि म्हणाला, "भाऊजी, आता बघा, फोन थांबणार नाहीत." त्याचं आयुष्यात खरं ठरलेलं हे एकच भाकीत.

पहिला फोन ऑफिसात आला. साहेब माझ्या टेबलापाशी उभे होते.

"ते प्लेझरवाले का?" पलीकडचा माणूस हळू आवाजात बोलत होता.

"हो, हो. बोला."

"जागा प्रायव्हेट आहे ना?"

"अगदी स्वतंत्र. दाराला आतून कडी आहे."

"कोण कोण असतं?"

"मी आणि मिसेस."

"तुम्ही पण असता?"

"माझंच घर आहे हो! पण मी दिवसभर ऑफिसात. तुमचं सगळं मिसेसच बघतील. तिच्या हाताला अशी गोडी आहे, एकदा आलेला माणूस पुन्हा पुन्हा येतो."

पलीकडचा आवाज आणखी खाली गेला, "तासाचा दर काय?"

"तासाचा नाही. आम्ही महिन्याच्या बोलीवर देतो."

"महिना?" तो हादरलेला वाटला. "एवढं नाही झेपायचं," असं म्हणून त्याने फोन ठेवला. मी वर पाहिलं. साहेबांच्या हातातली फाइल अर्धवट उघडी होती. आजूबाजूच्या टेबलांवर पेनं थांबली होती. मी म्हणालो, "खोली भाड्याने द्यायचीय." साहेबांनी फाइल मिटली आणि त्या दिवसापासून ते माझ्याशी दुसऱ्या क्लार्कच्या मार्फत बोलू लागले.

मग मात्र भीक नको पण कुत्रं आवर अशी गत झाली. कुणी विचारी फोटो पाठवा. मी खिडकीचा आणि पंख्याचा फोटो पाठवी. कुणी विचारी वय काय. मी म्हणे, इमारत जुनी आहे पण आतून भक्कम. एका बाईंनी फोन करून सरळ विचारलं, "या वयात हे शोभतं का हो तुम्हाला?" मी म्हणालो, "बाई, उलट या वयातच घरात कुणीतरी असावं असं वाटतं." त्या म्हणाल्या, "तुमच्या बायकोची दया येते." बायकोची दया येणारी माणसं मला नवीन नव्हती, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही.

गुरुवारी सोसायटीचे सेक्रेटरी दोन कमिटी मेंबरांना घेऊन घरी आले. तिघंही खुर्चीच्या कडेला टेकले. हिने पुढे केलेल्या चहाला कुणी हात लावला नाही.

"इथे कुटुंबं राहतात," सेक्रेटरी म्हणाले.

"आम्हीही कुटुंबच आहोत," मी म्हणालो.

"त्याचंच जास्त वाईट वाटतं."

मग त्यांनी खिशातून माझा छापील कागद काढला आणि, हिला समजावं म्हणून असेल, एकेक शब्द तोलत त्याचं भाषांतर करून वाचलं : "सुख देणारं जोडपं खाजगी खोलीत सुख देतं. या आणि मजा करा. सुखदायक, सर्व वेळी." कागदाची घडी करून ते म्हणाले, "हे तुमचंच ना?"

ही स्वयंपाकघराच्या दारात ट्रे घेऊन उभी होती. तो तिने हळूच खाली ठेवला. "अहो, असं लिहिलंय तुम्ही?"

"आपल्या भाषेत तसं ऐकू येतं गं. इंग्रजीत ते..."

"इंग्रजीत याहून वाईट आहे," सेक्रेटरी म्हणाले.

ही आत गेली आणि मुलाच्या खोलीचं दार लावून घेतलं. लग्नानंतर इतक्या वर्षांत ती माझ्यावर ओरडली आहे, रुसली आहे, माहेरी निघून गेली आहे. पण असं न बोलता दार लावून घेतलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. मेंबरांपैकी एकजण जाता जाता माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "पैशाची अडचण असेल तर आम्हाला सांगायचं होतं." त्या सहानुभूतीने मी जेवढा मेलो तेवढा आरोपाने मेलो नव्हतो.

शुक्रवारी चौकीवरून बोलावणं आलं. तक्रार कुणी केली ते शेवटपर्यंत कळलं नाही. साक्षीला म्हणून मी मास्तरांना सोबत घेतलं. ते जाडजूड शब्दकोश काखेत मारून आले. ही पण आली. म्हणाली, "तुमच्या एकट्याच्या तोंडावर तुम्हाला नाही सोडायची मी."

चौकीवरचे साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते, पण त्यांची पंचाईत वेगळीच होती. जाहिरात इंग्रजीत असल्यामुळे जबाबही इंग्रजीतच वर पाठवायचा होता. त्यांनी कागद पुढे सरकवला. "तुम्ही हेडक्लार्क ना? मग तुम्हीच लिहा. झाल्या प्रकाराबद्दल खेद आणि शेवटी दोन सौजन्याच्या ओळी."

खेद! माझा हातखंडा विषय. दहा ओळी मी झरझर लिहिल्या. साहेबांचा चेहरा निवळत चालला. मग आलं सौजन्य. साहेबांनी आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या होत्या, पाणी दिलं होतं, त्याबद्दल काहीतरी लिहायला हवं होतं. मोठमोठ्या सभांतून ऐकलेलं एक वाक्य मला आठवलं आणि मी लिहून टाकलं : 'द प्लेझर वॉज ऑल माइन.'

साहेबांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. "म्हणजे सगळी मजा तुम्हीच केली? हा तर कबुलीजबाब झाला."

"नाही हो! ती बोलायची पद्धत आहे. मास्तर, सांगा ना."

मास्तर उभे राहिले. शब्दकोश उघडून त्यांनी प्लीज, प्लीज्ड, प्लीझिंग, प्लेझंट, प्लेझर अशी सगळी वंशावळ सांगितली. कोण घेणारा, कोण देणारा, कोणाला कर्म लागतं, कोणाला लागत नाही. बाकावर बसलेला एक खिसेकापूसुद्धा मन लावून ऐकत होता. साहेबांनी मध्येच हात वर केला.

"मास्तर, एवढंच सांगा. हे गृहस्थ तसे आहेत का?"

"मी यांना वीस वर्षं ओळखतो," मास्तर छातीवर हात ठेवून म्हणाले. "या माणसापासून कुणालाही कसलाही आनंद मिळणं शक्य नाही."

"हे मी पण सांगते," ही म्हणाली.

साहेबांनी हिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि दोघांच्या साक्षी त्यांना मनापासून पटल्याचं दिसलं. माझी सुटका झाली. इतक्या नामुष्कीने सुटण्यापेक्षा एक रात्र कोठडीत काढली असती तर निदान चारचौघांत सांगता आलं असतं. अट एकच होती : लावलेले सगळे कागद मी स्वतः काढायचे.

शनिवारी भर उन्हात मी बादली आणि खरवडणी घेऊन निघालो. ही न सांगता बरोबर आली. झेरॉक्सवाल्या बाईंनी दिलेली खळ इतकी अस्सल होती की भिंत सुटत होती पण कागद सुटत नव्हता. दवाखान्याच्या भिंतीवर तर सगळं खरवडून झाल्यावर नेमका 'प्लेझर' तेवढा उरला. खाली सलाइन लावलेला एक पेशंट खिडकीतून बघत होता. ही पाणी मारत होती, मी खरवडत होतो, आणि कितीतरी दिवसांनी आम्ही दोघं मिळून काही काम करत होतो. हे तिला सांगावं असं मनात आलं. पण शब्द बरोबर येतील याची खात्री नव्हती, म्हणून नुसता खरवडत राहिलो.

त्याच संध्याकाळी मुलगा दारात उभा. जाहिरात फिरत फिरत त्याच्या ऑफिसातल्या कुणाच्या तरी फोनवर पोचली होती आणि खालचा नंबर बापाचा होता.

"बाबा, मला विचारायचं तरी! मी नसतं का लिहून दिलं?"

"तुला दोनदा फोन केला होता," मी म्हणालो. "तू म्हणालास, मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो."

तो खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडू लागला. ही आतून म्हणाली, "ते जाऊ द्या आता. हात धुऊन बसा." त्या रात्री आणि रविवारी दोन्ही वेळा घरात तिघांचं जेवण झालं. हिचा राग कुठे गेला ते कळलंच नाही. मुलाने खोलीभर फिरून कपाटामागचे मोजे काढले, बघून हसला आणि पुन्हा तिथेच टाकले. सोमवारी पहाटे निघण्याआधी त्याने फोनवर नवी जाहिरात टाकली. 'रूम फॉर रेंट. मील्स इन्क्लूडेड.' बस्स. त्यात आनंदाचा कुठे मागमूस नव्हता.

आठवड्यात माणूस आलं. अगदी मला हवं होतं तसं, इंग्रजी वाचून आलेलं. कुठल्याशा कंपनीत हिशेब तपासणारा तिशीचा गृहस्थ. सभ्य. पायातले बूट दाराबाहेर सरळ रेषेत काढणारा. सकाळी कडी काढतो, निघून जातो. संध्याकाळी येतो, कडी लावतो. जेवण ऑफिसातच होतं म्हणतो, आणि तरीही जेवणासकट ठरलेलं भाडं वेळेवर देतो, त्यामुळे भांडायचीही सोय नाही. ही पहिले काही दिवस त्याचं ताट वाढून झाकून ठेवायची. मग नुसतं दाराशी उभी राहून कानोसा घ्यायची. आत कीबोर्डच्या टकटकीशिवाय आवाज नसे. झाडायलाही त्या खोलीत आता जाता येत नव्हतं. तो स्वतःच झाडून घ्यायचा.

शेवटी एकदा तो बूट घालत असताना हिने मला कोपराने ढोसलं. "विचारा ना त्याला. आवडतंय का इथे, काही हवं-नको."

मी विचारलं. त्याने मान वर न करता नाडी बांधत उत्तर दिलं, "इट्स फाइन," आणि जिना उतरून गेला.

"काय म्हणाला?"

"फाइन म्हणाला."

"फाइन म्हणजे?"

एवढ्या दिवसांच्या शिक्षणानंतर मला उत्तर देण्याआधी विचार करावा लागला. "विशेषण धरलं तर छान. नाम धरलं तर दंड."

ही उघड्या दाराकडे बघत राहिली. खाली जिन्यावरचा त्याच्या बुटांचा आवाज थांबेपर्यंत बघत राहिली.

"मग नामच असणार," ती म्हणाली आणि दार लोटून घेतलं.